पत्रूचं स्टिअरिंग

बल्लारपुरात जाहिदच्या गाडीला सगळे 'बेडकी' म्हणत. दोन दारांची, जमिनीला चिकटलेली जुनी जपानी कूपे. तिचे पुढचे दिवे बॉनेटमध्ये झाकणाखाली लपलेले असायचे. बटण दाबलं की झाकणं वर यायची आणि गाडी डोळे वटारून समोरच्याकडे बघायची. पेपर मिलच्या पाळीला निघालेली माणसं मोटरसायकल थांबवून म्हणायची, "जाहिदभाई, एक डाव डोये उघड ना तिचे." आणि जाहिद हातातलं काम टाकून उघडायचा.

जाहिद धंद्यानं सीटवाला. ट्रॅक्टरपासून काळीपिवळीपर्यंत सगळ्यांच्या गाद्या तो भरायचा, कव्हरं शिवायचा. त्यातून उरलेला वेळ, आणि त्याच्या बायकोच्या, सुलतानाच्या मते न उरलेलाही, बेडकीच्या पोटाखाली जायचा. इकडच्या उन्हाळ्यात ही नाजूक बाई दर चौकात उकळायची, म्हणून त्यानं तिला दुसऱ्या मोठ्या गाडीचा रेडिएटर बसवला. खड्ड्यांत पोट घासायचं, म्हणून स्प्रिंगखाली रबराचे गुटके घालून तिला चार बोटं उचललं. पुण्या-बेंगळुरूच्या कूपेवाल्यांच्या ग्रुपवर तिचा फोटो पडला तेव्हा लोकांनी नाकं मुरडली. स्पोर्ट्स गाडी कोणी उंच करतं का? जाहिदनं लिहिलं, पावसाळा संपल्यावर एकदा गोंडपिपरीच्या रस्त्यानं येऊन दाखवा. कोणी आलं नाही.

शुक्रवारी दुपारी तो दुकानाचं शटर ओढून सुलतानाला बाजूला बसवायचा आणि कोठारीच्या पुढं सागाच्या जंगलात गाडी मोकळी सोडायचा. इंजिनाचा आवाज वर चढायला लागला की ह्या चाळिशीतल्या माणसाच्या चेहऱ्यावर शाळा सुटल्याचं हसू यायचं. सुलताना गाडीला नावं ठेवायची, पण त्या हसण्यासाठी दर शुक्रवारी तयार होऊन बसायची.

गाडीत एकच गोष्ट खोटी होती. स्टिअरिंग. मूळचं लाकडी कड्याचं असायचं. ज्याच्याकडून गाडी आली त्या तेंदूपत्त्याच्या ठेकेदाराच्या पोरानं ते काढून कुठलं तरी लाल प्लास्टिकचं बसवलं होतं. ग्रुपवर विचारून, परदेशी दुकानांना फोटो पाठवून जाहिद थकला. मग कोणीतरी सांगितलं, ठेकेदाराकडे अशा दोन गाड्या होत्या. दुसरी त्यानं आपल्या ड्रायव्हरला, पत्रूला, देऊन टाकली होती. पत्रूचं गाव मुलचेऱ्याच्या पुढं, जंगलात.

मोहफुलं पडायचे दिवस होते. जाहिद एकटाच गेला. बंगाली निर्वासितांच्या वस्त्यांची तळी मागं पडली, डांबर संपलं, लाल मुरूम लागला. गावात चिटपाखरू नव्हतं, सगळे फुलं वेचायला गेलेले. गावाबाहेर एका मोहाखाली त्याला एक उभा दगड दिसला. असे दगड त्यानं जाता-येता पुष्कळ पाहिले होते, अर्थ कधी कोणाला विचारला नव्हता. दगडाजवळ एक पाय मोडलेली खाट, बुडाला भोक पाडलेलं मडकं आणि काड्या तोडलेली छत्री पडली होती. बाजूला रोवलेल्या खांबावर टांगलं होतं लाकडी कड्याचं स्टिअरिंग. कड्यावर कुऱ्हाडीचा एक घाव होता, आरपार.

जाहिदनं पुढं होऊन त्यावर बोट फिरवलं. शेळ्या घेऊन एक म्हातारा जवळच उभा होता. त्याचं नाव चैतू, हे नंतर कळलं.

"बाबा, हे कोणाचं होय?"

"पत्रूचं."

"पत्रू कुठी भेटन?"

"इथीच."

"मले हे स्टिअरिंग पाह्यजे होतं."

म्हाताऱ्यानं काठी उचलली. "मंग त्यालेच इचार ना," असं म्हणून तो शेळ्यांमागं झाडीत शिरला.

जाहिदला वाटलं, माणूस आसपास फुलं वेचत असणार. त्यानं दोन्ही हात तोंडाशी धरून हाक मारली, "पत्रूभाऊ! ओ पत्रूभाऊ!" जंगल गप्प होतं. एरवी पाखरं, पानं, काहीतरी वाजत असतं. आता काहीच वाजत नव्हतं. तुटकं टाकून दिलेलं सामान, त्याला कोण नाही म्हणणार? त्यानं स्टिअरिंग काढून घेतलं आणि, बिनविचारता नेलं असं नको म्हणून, हसतच मोठ्यानं सांगितलं, "घेऊन चाललो बरं का, पत्रूभाऊ! काही असन तं या बल्लारपूरले!"

घरी येऊन त्यानं त्या कड्यावर जीव ओतला. घावाच्या जागी सागाचा तुकडा तिरपा कापून बसवला, आतून लाकडी खुंट्या मारल्या, घासलं, पॉलिशचे हात दिले. शेवटी नख फिरवलं तरी सांधा लागेना. लाल प्लास्टिक भंगारात गेलं. बेडकी पूर्ण झाली. त्या दिवशी जाहिद नुसताच गाडीत बसून राहिला, आणि सुलतानानं चहा तिथं नेऊन दिला.

सगळ्यात आधी त्याला धूळ दिसली. बल्लारपूरची धूळ काळी, कोळशाची. सकाळी पुसलेली गाडी दुपारी काळवंडते, त्यात नवल नाही. पण पायाखालच्या चटईवर लाल धूळ होती. त्यानं झटकली. दुसऱ्या दिवशी दुपारच्या झोपेनंतर पाहिलं तर पुन्हा लाल. वायपरच्या खाचेत मोहाचं एक फूल अडकलेलं, ताजं. बल्लारपुरात त्याच्या गल्लीत मोहाचं झाड नाही.

त्याला वाटलं, कोणीतरी चावी पळवून गाडी नेतं. म्हणून एका दुपारी तो झोपलाच नाही. दुकानासमोर खुर्ची टाकून गाडीवर नजर ठेवून बसला. गाडी जागची हलली नाही. ऊन जरा कललं तेव्हा बॉनेटवरची हवा थरथरायला लागली, इंजिन तापल्यावर थरथरते तशी. त्यानं उठून हात लावला. बॉनेट सावलीत होतं आणि चटका बसण्याइतकं तापलेलं होतं. आत चटईवर लाल धूळ, आणि स्टिअरिंगचं कडं गार. फक्त वरच्या बाजूला एका जागी कोमट होतं, एका पंजाएवढं.

भुताखेताच्या गोष्टींना तो हसणारा माणूस. पण गादी त्याचा धंदा होता, आणि तिथं त्याला कोणी फसवू शकत नव्हतं. फोमवर माणूस रोज बसला की फोम त्याचं अंग लक्षात ठेवतो. कोण डावीकडे कलतो, कोण मांडी पसरतो, हे जाहिद रिकामी सीट बघून सांगायचा. बेडकीची सीट त्यानं स्वतःच्या अंगासाठी भरली होती. आता तिच्यात दुसऱ्याच माणसाचा खळगा पडला होता. रुंद पाठीचा, उजवीकडे दाराला रेलून बसणारा माणूस. त्यानं फोम बदलला. आठवडाभरात तोच खळगा पुन्हा पडला, आणि जाहिदला त्यात बसायला बरं वाटू लागलं. ह्याची त्याला सगळ्यात जास्त भीती वाटली.

बोलला मात्र तो कोणाशीच नाही. बोललं तर स्टिअरिंग काढावं लागेल, हे त्याला आतून ठाऊक होतं.

त्याचं स्वतःचं बदलणं सुलतानाला त्याच्या आधी दिसलं. दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरणारा तिचा नवरा एका शुक्रवारी एकाच हातानं, कड्याच्या वर पंजा ठेवून गाडी चालवत होता. उजवा हात खिडकीबाहेर. त्या हाताची बोटं मधूनमधून टिचकी मारायची, विडीची राख झाडावी तशी. जाहिदनं जन्मात विडी ओढली नव्हती. पुढं तो जेवताना उकिडवा बसू लागला. ओळख नसलेल्या गुराख्यांना हात करू लागला. आणि एका दुपारी झोपेत, स्पष्ट आवाजात, त्यानं हाक मारली, "सोनी, पाणी आण व."

घरात दोघं हिंदीत बोलत. भांडण मात्र मराठीत. सुलताना कुरखेड्याची, गोंड गावांच्या शेजारात वाढलेली, आणि तिच्या मते हिंदीत राग पुरत नाही.

"कोण होय ही सोनी?" तिनं त्याला हलवून उठवलं.

"कोण सोनी?"

"मले इचारता? पंधरा दिवसांपासून पाहून राह्यली मी. तो हात, ते बसणं. कुठून शिकून राह्यले हे सगळं? कोणाच्या घरी जाता?"

जाहिदनं तोंड उघडलं आणि त्याला रडूच आलं. मग त्यानं सगळं सांगितलं. धूळ, फूल, खळगा, दगड, खाट, मडकं, आणि ती हाक. सुलतानाचा राग उतरला आणि त्या जागी जे आलं ते रागापेक्षा वाईट होतं.

"मेलेल्याच्या दगडापाशी उभं राहून तुमी त्याले घरी बोलावलं?"

"मले काय माहीत तो मेला होता म्हणून!"

"आन् आता तो येऊन राह्यला. रोज थोडा थोडा." तिनं त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरून नीट पाहिला, आत कोण किती उरलं आहे ते बघत असल्यासारखा. "उद्या सकाळी जाऊ. मी येतो संगं. तुमाले एकट्याले त्या गाडीत मी बसू देत नाई."

सकाळी ती मांडीवर लोखंडी करवत घेऊन बसली. स्टिअरिंग परत द्यायचं, लागलं तर पुन्हा कापून. जाहिद दोन्ही हात कड्यावर घट्ट रोवून चालवत होता. आष्टीच्या पुलावर वैनगंगा ओलांडली आणि उजवा हात सुटला, खिडकीबाहेर गेला. त्यानं ओढून आणला. तो पुन्हा गेला. पुढं एकाही वळणावर जाहिदला रस्ता आठवावा लागला नाही. सुलताना मोठमोठ्यानं दुवा म्हणत होती आणि त्याच्या हाताकडे बघत नव्हती.

गाव आलं. एका घराच्या ओट्यावर मोहफुलं वाळत घातलेली. गाडी थांबायच्या आधीच एक बाई पदराला हात पुसत धावत बाहेर आली. जाहिदनं दार उघडलं.

"दार उघडलं," ती म्हणाली. "आज दार उघडलं!" मग तिला जाहिदचा चेहरा दिसला, आणि ती तिथंच अंगणात खाली बसली.

ही सोनीबाई. पत्रूची बायको.

तिनं दोघांना ओट्यावर बसवलं, पाणी दिलं. "चैतूनं सांगितलं होतं, बल्लारपूरचा माणूस घेऊन गेला म्हणून," ती म्हणाली. "बल्लारपूर केवढं मोठं. कुठी शोधू तुले?"

"चुकलं माझं, सोनीबाई," जाहिद म्हणाला. "मले वाटलं तुटकं आहे, टाकून देल्लं."

"तुटकं नाई भाऊ, तोडलं होतं. माणूस गेला की त्याची वस्तू आमी मोडून देतो. खाट मोडली, मडकं फोडलं. मोडली म्हणजे ती आपली नाई राह्यली, त्याची झाली. घेऊन जाते तो मंग. त्याची गाडी तं सगळी भंगारात गेली होती, एवढंच राह्यलं होतं. मीच घाव घातला होता." तिनं बेडकीकडे पाहिलं. "तू जोडून त्याले वापस आणलं."

"तो येते इथी?" सुलतानानं विचारलं.

"दुपार कलली की येते. गाडीचा आवाज येते, अंगणात थांबते. पयल्यांदा मले बरं वाटलं, बाई. खोटं काऊन बोलू? माणूस घरी आला तं कोणाले वाईट वाटन? मी पाणी घेऊन बाहेर जाओ. पन दार वाजत नाई. तो उतरतच नाई. आवाज तसाच चालू राह्यते, आन् मी लोटा घेऊन उभी." तिनं समोरचा लोटा जवळ ओढला. "ना घरी येते, ना जाते. काय हाल होऊन राह्यले असन त्याचे."

जाहिदनं करवत उचलली. गाडीत बसून, डोळे मिटून त्यानं स्वतःचाच तो बेमालूम सांधा कापला. कडं उघडं पडलं. त्यानं सुटकेचा श्वास सोडला आणि मान वळवून सोनीबाईकडे पाहिलं.

त्याच्या तोंडून एक वाक्य निघालं. शांत, लाडिक आवाजात. ते गोंडीत होतं, आणि जाहिदला गोंडी येत नव्हती.

सोनीबाई ओट्यावरून उतरली. झोपेत चालावं तशी ती गाडीला वळसा घालून दुसऱ्या दाराशी गेली आणि तिनं दार उघडलं. एक पाय आत ठेवला. त्याच वेळी बॉनेटवरची झाकणं हळूहळू उघडून दिवे वर आले. जाहिदचा हात बटणावर नव्हता. सुलतानानं धावत जाऊन सोनीबाईला कमरेला धरून मागं ओढलं, दोघी मोहफुलांवर पडल्या.

"काय म्हणाला तो?" सुलताना ओरडली. "काय म्हणाला?"

"चाल, बस म्हणे," सोनीबाई म्हणाली. "मी बसलीच असती."

जाहिद दारातून अक्षरशः सांडला बाहेर. "कापलं ना मी! कापलं तरी?"

"आता नुसत्या त्या हातातल्या चाकाचं काय होते?" सोनीबाई म्हणाली. "त्याच्यासाठी एक चाक मोडलं होतं. तू तं त्याले अख्खी गाडी जोडून देल्ली."

जाहिदला समजलं. आता अख्खी गाडीच मोडून द्यायची होती. तिच्या प्रत्येक बोल्टला त्याचा हात लागला होता. कोणी मरण पावल्यावर येतो तसा हुंदका त्याला आला. मग त्यानं बॅटरीची तार काढली, आणि आवाज ऐकून आलेल्या चैतूनं व त्यानं मिळून गाडी ढकलत मोहाखाली, दगडाजवळ नेली. चैतूनं घरून घण आणला.

जाहिदनं पहिला घाव आरशावर घातला. दुसरा काचेवर. मग दिवे फोडले, दारं चेपली, छत ठोकून आत दाबलं. घाम आणि आसवं एकत्र वाहत होती. सोनीबाई तोंडाला पदर लावून उभी होती. गाडीची दशा बघवत नव्हती, तरी सीटमधला तो खळगा तसाच होता, खोल, कोणी बसलेलं असल्यासारखा.

"थांबा," सुलताना म्हणाली.

तो थांबला.

"काच भेटते. दारं ठोकून सरळ होते. दिवे त्या ग्रुपवर भेटते." तिचा आवाज मऊ होता, पण ती हटली नाही. "मी ओळखतो तुमाले. जे वापस बनवता येते, तेच तोडून राह्यले तुमी."

जाहिदला ते ठाऊक नव्हतं. ऐकलं आणि त्याला कळलं की हे खरं आहे. त्याचे हात त्याला न विचारता दुरुस्तीची वाट ठेवून घाव घालत होते.

"जे तुमाले बनवता येत नाई, ते तोडा."

त्यानं बॉनेट उघडलं. इंजिन. त्याचं बीडाचं, ओतीव लोखंडाचं धड अख्ख्या देशात दुसरं मिळत नव्हतं. सात वर्षं त्यानं त्याचा आवाज ऐकून दिवसाची सुरुवात केली होती. तो वाकला, त्यावर हात ठेवला. मग मागं सरला, घण डोक्याच्या वर नेला आणि सगळ्या अंगानं खाली आणला. एकदा, पुन्हा, पुन्हा. शेवटी बीड तडकल्याचा आवाज झाला आणि काळं ऑइल लाल मातीत उतरलं.

बॅटरी सुटलेली होती. तरी काचा फुटलेल्या दिव्यांवरची झाकणं हळूहळू खाली आली आणि बंद झाली.

जाहिद घण टाकून ड्रायव्हरच्या बाजूला गेला. फुटक्या खिडकीतून हात घालून त्यानं सीटवर पंजा ठेवला. आयुष्यभर त्यानं हेच केलं होतं, म्हणून त्याची चूक होणं शक्य नव्हतं. त्याच्या हाताखाली फोम वर यायला लागला. सावकाश, माणूस उठल्यावर येतो तसा. खळगा भरला. सीट सपाट झाली. आणि चेपलेलं, कुलूपच अडकलेलं ते दार आपसूक कुरकुरत उघडलं.

सोनीबाईनं लोट्यातलं पाणी दगडापाशी ओतलं. "उतरला," ती म्हणाली, आणि मग मोकळ्या गळ्यानं रडली.

वर झाडीत पाखरं ओरडत होती. ती कधीपासून ओरडत होती, हे कोणाच्या लक्षात आलं नव्हतं.

चैतूनं दोघांना डांबरी रस्त्यापर्यंत सोडलं. एस.टी. आली. जाहिद खिडकीशी बसला, दोन्ही हात मांडीवर. सुलताना मधूनमधून ते हात बघत होती. ते जागेवर होते. आष्टीचा पूल गेला तेव्हा तिनं त्यातला एक धरला आणि धरूनच ठेवला.

समोरच्या सीटचं रेक्झिन उभं फाटलं होतं आणि आतला फोम बाहेर लोंबत होता. जाहिदची नजर तिथं खिळली. त्याच्या खिशात सुई-दोरा कायम असतो, हे तिला माहीत होतं. त्याला जरा हसवावं म्हणून ती म्हणाली, "काय पाहून राह्यले? शिवून देता का?"

जाहिदचा हात खिशाकडे गेला होता. त्यानं तो परत मांडीवर आणून ठेवला.

"राहू दे," तो म्हणाला. "कोणाची असन."